दुसरा गाल, आणि १८६६ चा कायदा

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात एका आमदाराने जाहीर सभेत, धर्मांतरासाठी येणाऱ्या पाद्र्याला मारणाऱ्यांना लाखांची बक्षिसं जाहीर केली. जुलैत मुंबईच्या आझाद मैदानावर ख्रिस्ती समाजाने निदर्शनं करून कारवाई मागितली. तेव्हापासून आपल्या सावेडीतली पोरंसुद्धा विचारतात, "दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे नुसता मार खात बसायचं का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर नगरच्याच इतिहासात सापडतं.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांना त्यात धरून ठेवलं ते डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे हा गालाचा उपदेश ज्यात आहे त्यानेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. चित्पावन ब्राह्मण, त्यातून नावाजलेला कवी! नातलग तुटले. बायको लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू माहेरच्या माणसांत राहिले.

आता कायदा बघा. १८६६ पासून एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार धर्माच्या कारणावरून नांदायला येत नसेल, तर कोर्टात जाऊन शेवटी लग्न मोडून घेता येत असे. दुसरं लग्न करायला मोकळीक. टिळकांच्या हातात हे हत्यार होतं. ते त्यांनी उचललं नाही. पत्रं लिहिली, कविता लिहिल्या, चार-पाच वर्षं वाट पाहिली.

पण एवढ्यावर थांबून टिळकांना संत करून टाकणं मला पटत नाही. अन्याय खरा कुणावर झाला? न विचारता नवऱ्याने धर्म बदलला, आणि लोकांची बोलणी खाल्ली लक्ष्मीबाईंनी. सूड घ्यायचं कारण त्यांच्याकडे जास्त होतं. तरी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्याही स्वतःच्या अटीवर: सोवळं सोडणार नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते मान्य केलं. ख्रिस्ती पुढाऱ्याच्या घरात ब्राह्मणी चूल! दोन्हीकडच्या लोकांना ते विचित्रच वाटलं असणार. पुढे राहुरीत, देवाने जाती केल्या नाहीत हे त्यांचं त्यांनाच उमगलं, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

बदला न घेणं म्हणजे गप्प बसणंही नव्हे. ख्रिस्ती झाला म्हणजे साहेबाचा झाला, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. टिळकांनी अभंग आणि कीर्तन देवळात आणलं, 'ज्ञानोदय'मधून लिहीत राहिले, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. टोमणा मारणाऱ्याला याहून सणसणीत उत्तर कोणतं? म्हणून आझाद मैदानावर घटनेच्या चौकटीत दाद मागणारे लोक प्रवचनाच्या विरुद्ध वागले असं मी मानत नाही. विरुद्ध वागणं म्हणजे त्या आमदाराच्या डोक्यावर आपणही बक्षीस लावणं.

लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी हे सगळं 'स्मृतिचित्रे'त लिहिलं. छळणाऱ्यांची नावं घेऊन झोडपायची आयती संधी होती. त्यांनी लोकांना हसवलं, आणि सगळ्यांत जास्त स्वतःलाच. पुस्तक वाचनालयात सहज मिळतं. निदान राहुरीचा भाग तरी वाचा, आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.