उच्च रक्तदाब : आधी मीठ मोजा

रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त भरत असेल, तर तो उच्च रक्तदाब समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याच्या आत मीठ खावे. कळंबोलीच्या पोलाद बाजारात राबणाऱ्याच्या वडापाव, फरसाण, लोणचे, पापड आणि खारवलेल्या बांगड्यातच ते बरेचसे संपते, भाजीतले वेगळेच. खारी मासळी भिजवून पाणी फेकावे. पालेभाजी, डाळ, केळी यांतले पोटॅशियम लघवीवाटे सोडियम बाहेर टाकायला मदत करते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच खावे. ‘लो सोडियम’ मिठातही पोटॅशियमच असते. आणि सैंधव? तेही मीठच! आहार सुधारला म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका.