वामनदादांची कमाई

जयंतीच्या वर्गणीसाठी आम्ही घरोघर फिरत होतो. एका तरुणाने पावती घेतली आणि विचारले, "काका, एवढी गाणी लिहून वामनदादांनी कमावलं काय?" प्रश्न चेष्टेचा नव्हता. पोराच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे. म्हणून त्याचे उत्तर या स्मरणिकेत नीट द्यावे असे आम्हांस वाटले.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पोटासाठी मुंबई गाठली. गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत कष्ट केले, चिक्कीसुद्धा विकली. एकदा कुणीतरी त्यांच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. वाचता येत नव्हते. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग मोठ्या वयात एका मास्तरांकडे मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. १९४३ साली पहिले गीत रचले. त्याच सुमारास बाबासाहेबांचे दर्शन घडले आणि लेखणीला दिशा मिळाली.

ही वाट त्यांच्या आधीच्यांनी तुडवलेली होती. भीमराव कर्डक (हे वेगळे, आडनाव तेवढे एक) आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी १९३० नंतरच्या काळात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. त्या वेळी 'जनता' पत्र निघत होते, पण वस्तीत वाचणारे किती? जलशातले गाणे मात्र अडाणी माणसालाही कळायचे. दिवसभर राबून आलेली माणसे कंदिलाच्या उजेडात बसून ऐकायची आणि सकाळी कामाला जाताना तेच गुणगुणायची.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण धम्म घेतला आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला. त्या काळात बावीस प्रतिज्ञा, शिक्षण, एकजूट या गोष्टी घराघरात कोणी पोचवल्या? पुढाऱ्यांची भाषणे झाली, पण मुक्कामाला राहिली ती गाणी. वामनदादा खेड्यापाड्यांतून फिरले, मिळेल ती भाकरी खाल्ली आणि हजारो गीते रचली. 'वाटचाल', 'मोहळ' असे त्यांचे संग्रह निघाले. ज्याला पत्र वाचता येत नव्हते, तो माणूस १९९३ साली वर्ध्याला पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. १५ मे २००४ रोजी दादा गेले. त्यांनी मागे इस्टेट ठेवली नाही. पण एप्रिल महिन्यात कोणत्याही वस्तीत उभे राहा, त्यांचे गाणे कानावर येतेच. ही त्यांची कमाई.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आम्ही गरिबीचे गोडवे गात नाही. उपाशी पोटाची कळ गिरणी कामगाराला कुणी शिकवायला नको. आपला धम्मही दारिद्र्याला पुण्य म्हणत नाही. अनाथपिंडिक मोठा धनवान होता, त्याला भगवंतांनी धन टाकून दे असे सांगितले नाही. धन सन्मार्गाने मिळवावे आणि सत्कार्यी लावावे, एवढेच शिकवले. पैसा हवाच, पण जगायचे कशासाठी ते पैसा सांगत नाही. दादांना ते बाबासाहेबांकडून कळले आणि मग मानधन किती, यावाचून त्यांचे काही अडले नाही.

त्यांचे अडले नाही, म्हणून आपण मात्र मोकळे होत नाही. आज डीजेला हजारो रुपये मोजताना आपण घासाघीस करत नाही आणि वस्तीतल्या गायकाला नारळ देऊन वाटेला लावतो. वर म्हणतो, "मिशनचं काम आहे, पैसे कसले मागता?" त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याच्या खिशातून तो काढून घ्यायचा नसतो. गायकाला प्रवासखर्च द्या, मानधन द्या आणि गाणे वाजवताना कवीचे नाव घ्या.

त्या तरुणाला आमचे सांगणे एवढेच. बाळा, हप्ता वेळेवर भर, नोकरी जीव लावून कर. पण आठवड्यातला एक तास ज्याने छाती भरून येते त्या कामाला दे. रविवारी विहारात लहान मुले गाणी शिकायला बसतात. त्यांना ढोलकीवाला पाहिजे आहे, आणि तुझा हात चांगला आहे हे आम्हांला ठाऊक आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!