पुराव्याचें ओझें

रणांगणावर गमावलेला हात सर्वांस दिसतो. परंतु सैनिकाचा क्षय लष्करी नोकरीनें जडला कीं आधींचाच होता, हें सिद्ध कोणीं करावयाचें? अपंगांच्या निवृत्तिवेतनाचे बहुतेक वाद याच प्रश्नाशीं येऊन अडतात.

ब्रिटनमध्यें दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं हा भार अर्जदारावर होता. अंथरुणास खिळलेल्या माणसानें पुरावा आणावा कोठून? मला तर तो नियम निर्दय वाटतो. १९४३ सालीं पार्लमेंटनें अपिलांसाठीं स्वतंत्र न्यायमंडळें नेमिलीं, आणि भारही सरकारकडे गेला. धडधाकट म्हणून भरती केलेला मनुष्य पुढें रोगी झाला, तर तो रोग नोकरीमुळें नव्हे हें मंत्र्यानें निःसंशय दाखवावें. कायद्याच्या मुद्द्यावर हायकोर्टाच्या न्यायाधीशाकडेही जातां येई.

असें एक अपील १९४७ सालीं न्यायमूर्ति डेनिंग यांजपुढें आलें. अन्ननलिकेच्या कर्करोगानें १९४४ सालीं वारलेल्या एका सैनिकाच्या विधवेचें तें होतें. ‘निःसंशय’ म्हणजे किती? डेनिंग यांचा निर्वाळा असा कीं, पुरावा पूर्ण खात्रीचा नसला तरी चालेल. मात्र निव्वळ काल्पनिक शक्यतेस संशय म्हणतां येणार नाहीं. हें विवेचन भारतीय न्यायालयें आज फौजदारी खटल्यांतही आधारास घेतात.

विधवेचें अपील मात्र फेटाळलें गेलें.