कावा आधी रिंगणातला

‘गनिमी काव्या’तला कावा हा मुळात घोडा शिकवणाऱ्यांचा शब्द. ‘हिंदी शब्दसागर’ उघडा. कावा म्हणजे घोड्याला गोल फिरवणं, आणि ‘कावा काटना’ म्हणजे चक्कर मारणं, तसंच नजर चुकवून भलतीकडे निसटणं. शब्द फारसी, असंही तिथेच म्हटलंय. मधोमध चाबूकस्वार, हातात लांब दोर, दोराच्या टोकाला धावता घोडा. शाळेत युद्धतंत्र म्हणून पाठ केलेला शब्द तबेल्यामागच्या या रिंगणातला निघावा!

कुणी म्हणेल, कपट हाच मूळ अर्थ, ‘कावेबाज’ पाहा, घोडा योगायोगाने आला. मला हे पटत नाही. कपटातून वर्तुळ निघणार कसं? वर्तुळातून कपट मात्र सहज निघतं: समोर भिडायचं नाही, बगलेने वळसा घालायचा, तडाखा देऊन पसार व्हायचं. मोगल ज्यांना गनीम म्हणत, ते मराठ्यांचे हलके स्वार दुसरं काय करत होते? युरोपातला ‘काराकोल’ही माझ्याच बाजूने साक्ष देतो. स्पॅनिशमध्ये काराकोल म्हणजे गोगलगाय. घोडेस्वारीत ते एका वळणाचं नाव, आणि सोळाव्या शतकातल्या पिस्तूलधारी स्वारांचा डावही तोच: रांगेने पुढे यायचं, बार काढायचा, वळून मागे जायचं. शिकवणीतला शब्द रणात जातो तो असा.

हा झाला घोड्याचा कावा. स्वारालाही तो देतात, आणि माझ्या मते खरी करामत तिथेच आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवा विद्यार्थी आधी दोरावरच्या घोड्यावर बसतो. हाती लगाम नाही, पायात रिकीब नाही. फ्रेंच उस्ताद गेरिनिएर यानेही 1733 च्या ग्रंथात रिकिबीविना दुडक्या चालीचा आग्रह धरला होता. घोडा गुरुजी सांभाळतात, म्हणून स्वाराला फक्त स्वतःकडे पाहायचं असतं. वर्तुळात अंग बाहेर फेकलं जातं. लटकायला लगाम नसतो, तेव्हा तोल कमरेतूनच शोधावा लागतो.

आपल्याकडे ‘मांड घट्ट’ म्हणजे पक्का स्वार. दोरावर मात्र मांड्या आवळल्या की बूड खोगिरावरून वर उचललं जातं आणि प्रत्येक पावलाला आदळतं. ग्रीक लेखक झेनोफोनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच सांगून ठेवलंय: खुर्चीत बसल्यासारखं नको, पाय फाकून ताठ उभं राहिल्यासारखं बसा. त्याच्या काळी ग्रीसमध्ये रिकीबच नव्हती, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.

आपल्या रायडिंग क्लबांत दोरावरचे धडे पहिल्या चार दिवसांत उरकतात आणि लगाम हाती देतात. फी भरणाऱ्यांनी तक्रार करावी ती इथे. लगामाची घाई करू नका, आणखी कावा मागा.