एआय एजंटला गेम इंजिनची टूल्स समजावून कशी सांगायची?

समजा, नगरच्या भुईकोट किल्ल्यावर एक गेम बनवायचा आहे. 1595 चा वेढा, आत चांदबीबी, बाहेर मुघल फौज. तुम्ही एआय एजंटला सांगितलं, ‘12 उंचीची तटबंदी उभी कर.’ त्यानं केली. बघता तर तट वीतभरही नाही!

एजंटनं सांगितलं तेच केलं होतं. फक्त 12 म्हणजे 12 काय, हे कुणी लिहिलंच नव्हतं. अनरियल इंजिनमध्ये 1 एकक म्हणजे 1 सेंटिमीटर. युनिटी आणि गोडो या इंजिनांत तेच साधारण 1 मीटर धरतात. आकडा तोच, पण एकीकडे किल्ला आणि दुसरीकडे खेळणं.

एजंटला नेमकं काय दिसतं?

साधा चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. त्यासाठी इंजिनमधल्या कामांची छोटी टूल्स बनवून त्याच्या हाती दिली जातात: वस्तू ठेवणं, फिरवणं, रंग देणं, सीन सेव्ह करणं. अशी टूल्स जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीनं नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी) हे खुलं मानक आणलं. त्यात प्रत्येक टूलसोबत एजंटकडे मुख्यतः तीन गोष्टी जातात. टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची याचा आराखडा.

टूलच्या आतला कोड सहसा त्याला दिसत नाही. माणूस स्क्रीनकडे बघून ‘अरे, उलटं झालं’ म्हणतो आणि दुरुस्त करतो. एजंटला अनेकदा स्क्रीनही दिसत नाही. त्यामुळे वर्णनात जे राहिलं, ते तो अंदाजानं भरतो, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासानं.

मग वर्णन कसं असावं?

‘वस्तू हलवते’ एवढं लिहून भागत नाही. त्याऐवजी असं लिहावं: ‘सीनमध्ये आधीपासून असलेली वस्तू नव्या जागी नेते. जागा मीटरमध्ये, सीनच्या मूळबिंदूपासून. वाय अक्ष वरच्या दिशेला. नवी वस्तू बनवत नाही, त्यासाठी दुसरं टूल वापरा.’ यातलं शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात. टूल काय करत नाही हे कळलं नाही, तर दोन सारख्या टूल्समधून एजंट चुकीचं उचलतो.

अक्षांचा उल्लेख उगाच नाही. युनिटी आणि गोडोच्या थ्रीडीत वाय अक्ष वर जातो, अनरियलमध्ये झेड. गोडोच्या टूडीत तर वाय खाली वाढतो. कोनांचंही तसंच. गोडोचं ‘रोटेशन’ रेडियनमध्ये असतं. अंश समजून तिथे 90 टाकलं, तर किल्ल्याचा दरवाजा चौदा गरके मारून सुमारे 117 अंशांवर थांबेल. एरर येणार नाही, कारण इंजिनच्या लेखी 90 हा आकडा बरोबरच आहे. अशी चूक हुडकायला एरर आलेल्या चुकीपेक्षा जास्त वेळ जातो.

जुनी नावं, नवी नावं

अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी जुन्या कागदांवर जुनंच नाव आहे. गोडोचंही असंच. 1 मार्च 2023 ला गोडो 4.0 आलं आणि ‘स्पेशियल’चं ‘नोड थ्रीडी’ झालं, ‘किनेमॅटिकबॉडी’चं ‘कॅरेक्टरबॉडी थ्रीडी’. एआय मॉडेलनं शिकताना दोन्ही काळातला मजकूर वाचलेला असतो, त्यामुळे तो मधूनच जुनं नाव वापरतो. म्हणून टूलच्या वर्णनात इंजिनची आवृत्ती लिहावी आणि बदललेलं नावही सांगावं.

एररचा संदेशही वर्णनाचाच भाग समजा. ‘काम अयशस्वी’ वाचून एजंट तीच चूक पुन्हा करतो. ‘बुरूज_3 नावाची वस्तू नाही, सीनमध्ये बुरूज_1 आणि बुरूज_2 आहेत’ असं उत्तर मिळालं, तर पुढच्या प्रयत्नात तो सुधारतो. काम झाल्यावरही नुसतं ‘झालं’ न म्हणता कोणती वस्तू कुठे गेली ते परत कळवावं.

सगळ्यात जपायचं ते डिलीट करणाऱ्या टूलला. एमसीपीत एखादं टूल फक्त वाचणारं आहे की नासधूस करू शकतं, अशी खूण जोडता येते. पण ती फक्त सूचना आहे, कुलूप नाही. महिनाभर खपून बनवलेला सीन एका हाकेत जाऊ शकतो. परवानगी विचारण्याची सोय कोडमध्येच हवी आणि गिटसारख्या ठिकाणी जुनी प्रतही हवी.

म्हणून सगळंच लिहून काढायचं का? तर नाही. टूल्सची वर्णनं एजंटच्या मर्यादित स्मरणजागेत बसतात. पन्नास टूल्सना पानभर वर्णन दिलं, तर मूळ कामाला जागा कमी पडते.

आणि हे मराठीत लिहिता येतं का? वर्णन येतं. टूलचं नाव मात्र रोमन अक्षरांतच ठेवावं, कारण अनेक ठिकाणी नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघा चालतात.