फंडोप्लिकेशन : दीर्घकालीन परिणाम

जठरातले आम्ल वारंवार अन्ननलिकेत चढण्याच्या जुनाट विकारावरील शस्त्रक्रिया. जठराचा वरचा घुमटाकार भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाक्यांनी बसवतात आणि मध्यपटलातले रुंदावलेले छिद्र शिवून लहान करतात. पूर्ण वेढा दिला तर ती निसेन पद्धत, मागच्या बाजूने २७० अंशांचा दिला तर तूपे पद्धत.

रूडॉल्फ निसेन यांनी ही पद्धत १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पोट किंवा छाती उघडावी लागे. १९९१ पासून ती दुर्बिणीतून होऊ लागली. त्याच्या आदल्याच वर्षी डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली होती, त्यामुळे हे तंत्र इथे परके राहिले नाही. पुढे ते उपनगरांतही पोचले. मुलुंड-गोरेगाव जोडरस्त्यावर फोर्टिससारखे मोठे खासगी रुग्णालय असल्याने नाहूर-भांडुपच्या रुग्णाला पोटाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी शीव-परळ गाठावे लागत नाही. अर्थात, सोय जवळ आहे हे शस्त्रक्रियेचे कारण होऊ शकत नाही.

'एकदा ऑपरेशन केले की गोळ्या सुटल्या' हा समज आकडेवारीवर टिकत नाही. स्वीडनमधील २,६५५ रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के रुग्णांचा त्रास परतला. त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा दीर्घकाळ औषधे घ्यावी लागली, तर १३.२ टक्क्यांवर दुसरी शस्त्रक्रिया झाली. युरोपातील 'लोटस' चाचणीत (२०११) पाच वर्षांनंतर आजार आटोक्यात असलेले रुग्ण औषधांच्या गटात ९२ टक्के होते, शस्त्रक्रियेच्या गटात ८५ टक्के. मात्र त्या चाचणीत औषधांना आधीच चांगला प्रतिसाद देणारेच रुग्ण घेतले होते. उलट, नीट औषधे घेऊनही जळजळ न थांबणाऱ्या आणि तपासणीत ती आम्लामुळेच असल्याचे ठरलेल्या निवडक रुग्णांत २०१९ च्या अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रिया ६७ टक्क्यांना उपयोगी पडली. औषधे वाढवून जेमतेम २८ टक्क्यांना. सारा खेळ रुग्ण निवडण्याचा आहे. आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते : शस्त्रक्रियेनंतर पुन्हा गोळ्या घेणाऱ्या अनेकांच्या अन्ननलिकेत आम्लाचे मोजमाप केले, तर ते वाढलेले आढळत नाही. गोळी सवयीनेही चालू राहते.

सुरुवातीचे काही आठवडे घास अडकतो. वडापावचा पाव, सुकी भाकरी, मटणाचा तुकडा हे नेमके अडकणारे पदार्थ, म्हणून आधी पातळ, मग मऊभात-वरण. सोडा वर्ज्य. हा त्रास बहुधा ओसरतो. पोटफुगी, ढेकर न येणे आणि वाढलेला वारा मात्र काहींच्या मागे कायम लागतात. तूपे पद्धतीत हे त्रास कमी आढळतात. काही वर्षांनंतर वेढा सैल होणे किंवा छातीत सरकणे ही अपयशाची नेहमीची कारणे. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. अन्ननलिकेच्या अस्तरात 'बॅरेट' बदल झाले असतील, तर शस्त्रक्रियेनंतरही एंडोस्कोपीची देखरेख सुटत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी, अन्ननलिकेच्या दाबाची मॅनोमेट्री आणि गरजेनुसार २४ तासांची पीएच तपासणी करून घ्यावी. डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदही मागून जपून ठेवावी. त्रास परतला तर नव्या सर्जनला कोणता वेढा घातला होता, हे त्यातूनच कळते.