हरणाचं मांस कोणाचं? एका बर्गरची पूर्वपीठिका

मागच्या व्याख्यानानंतर अमेरिकेतल्या एका श्रोत्याने विचारलं होतं की, शेजाऱ्याने हरणाच्या खिम्याची पाकिटं दिली आहेत, त्याचे चवदार बर्गर घरी कसे करावेत? तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला हा प्रश्न का विचारला, हे त्याचं त्याला ठाऊक! पण त्याच्या प्रश्नातले दोन शब्द मला महत्त्वाचे वाटले: ‘शेजाऱ्याने दिली’ आणि ‘घरी’. हे मांस विकत आणलेलं नाही. ते का नाही, याचा इतिहास जवळजवळ हजार वर्षांचा आहे. आज तो सांगतो, आणि बर्गरही सांगतो.

आधी शब्द बघू. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कुठलंही रानातलं जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. पुढे अर्थ आकसत हरणापुरता उरला. गंमत अशी की इंग्रजीतल्या ‘डिअर’चंही हेच झालं. जुन्या इंग्रजीत तो शब्द कुठल्याही जनावराला चाले. जर्मनमध्ये ‘टीअर’ म्हणजे आजही प्राणीच. आणि ‘व्हेनिसन’ लॅटिनमधल्या शिकारीच्या क्रियापदावरून आला. रानडुकराचं मांससुद्धा एकेकाळी व्हेनिसनच होतं. म्हणजे ते कसं मिळवलं, हे त्या शब्दात आधी आहे. कुठल्या प्राण्याचं, हे नंतर आलं.

मग मिळवायचं कोणी? रोमन कायद्याचं उत्तर सरळ होतं: रानातलं जनावर कोणाचंच नसतं, जो धरेल त्याचं. जखमी हरीण मागे लागलेल्याचं की प्रत्यक्ष पकडणाऱ्याचं, यावर रोमन पंडितांनी वाद घातले आणि जस्टिनियनच्या ग्रंथात निर्णय पकडणाऱ्याच्या बाजूने लागला. इंग्लंडमध्ये 1066 नंतर नॉर्मन राजांनी हे उलटं केलं. मोठमोठे प्रदेश राजाचं अरण्य म्हणून जाहीर झाले. त्यात गावं होती, शेतं होती, माणसं होती. पण हरीण राजाचं. ते मारणाऱ्याला अवयव किंवा जीव गमवावा लागे. 1217 च्या अरण्य-सनदेने लिहून दिलं की, यापुढे आमच्या हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. दंड होईल, आणि ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. मॅग्ना कार्टाचं नाव सगळे घेतात, पण माझ्या मते सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत पोहोचलेली सनद ही.

आणि तरीही, पाचशे वर्षांनी, 1723 साली पार्लमेंटने ‘ब्लॅक ॲक्ट’ केला. तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन हरणं मारायला जाणाऱ्याला फाशी! हा कायदा बराचसा रद्द व्हायला 1823 उजाडलं. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्या काळात हरणाची मांडी प्रतिष्ठितांनी एकमेकांना भेट पाठवायची वस्तू होती. ज्यांना अशी भेट येत नसे, त्यांच्यासाठी पाकपुस्तकांत मेंढीची मांडी ‘हरणासारखी’ करण्याच्या कृती असत.

आता जॉन लॉक. 1689 मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात खाजगी मालमत्तेचं समर्थन आहे, आणि तिथे त्याने उदाहरण घेतलं ते अमेरिकेतल्या आदिवासीने मारलेल्या हरणाचं. त्याने श्रम केले, म्हणून ते त्याचं. मी ही परिच्छेदांची जोडी वर्षानुवर्षं शिकवली. लॉकच्या स्वतःच्या देशातला गरीब माणूस हेच श्रम करता तर कोर्टात उभा राहिला असता, हा विरोधाभास मुलांना लगेच कळायचा. त्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट दुसरी होती. 1621 साली प्लिमथच्या वसाहतीत सुगीची मेजवानी झाली, तेव्हा वाम्पानोआग लोकांनी पाच हरणं मारून आणली, याची नोंद विन्स्लोच्या पत्रात आहे. ती त्यांनी देऊन टाकली. लॉकच्या आदिवासीला ‘माझं’ म्हणता येतं, पण वाटून टाकणं त्याच्या उदाहरणात दिसतच नाही.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेत राजाचं अरण्य ठेवलं नाही. ज्याच्याकडे बंदूक, त्याचं हरीण. कातडी आणि मांस बाजारात जाऊ लागलं, रेल्वे आली, आणि 1900 च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं अंदाजे पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली. त्याच वर्षी लेसी कायदा आला: बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्यात नेता येणार नाही. राज्यांनीही रानातल्या हरणाची विक्री बंद केली. शिकार करा, खा, द्या, विकू नका. आज तिथे अशी हरणं तीन कोटींच्या आसपास आहेत. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या हरणाचं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. म्हणून रानातल्या हरणाचा बर्गर हा घरचाच पदार्थ. कायद्यानेच त्याला घरी बसवलंय!

आता तवा तापवू. हे मांस अतिशय कमी चरबीचं असतं, आणि जी चरबी असते ती मेणासारखी; लवकर थिजते आणि टाळूला चिकटते. ती काढून टाकायची. युरोपातले आचारी पूर्वी जाड सुईने डुकराच्या चरबीच्या पट्ट्या मांसात ओवत. बर्गरमध्ये आपण तेच करतो, सुईऐवजी खिमा-यंत्राने. शंभर भागांत पंधरा-वीस भाग डुकराची किंवा गाईची चरबी. मांस आणि चरबी दोन्ही गार हवीत, नाहीतर चरबी पिठासारखी फासली जाते. आपल्याकडे कबाबाचा खिमा मळमळ मळतात. इथे ते करू नका. मीठही शेवटी, तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून. आधी मिसळलंत तर प्रथिनं सुटून टिक्की रबरासारखी होते. मधोमध अंगठ्याने खळगा करा, म्हणजे ती फुगत नाही. बिडाचा तवा कडक तापलेला हवा. खिमा असल्यामुळे आत 71 अंश सेल्सियस गाठायलाच हवेत. त्यापुढे मात्र एक मिनिटही नको. सोबत आंबटगोड काही हवं. इंग्लंडात लाल करंटची जेली घेतात, अमेरिकेत क्रॅनबेरी. आपल्या करवंदाची चटणी या कामाला उत्तम, हे माझं वैयक्तिक मत.

पण ‘शेजाऱ्याने दिली’ याला एक काळजीची बाजू आहे. अमेरिकेत शिकारी असं मांस गरिबांच्या अन्नकेंद्रांनाही देतात. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टरने दानातल्या खिम्याची पाकिटं तपासली, तेव्हा त्यांत शिशाचे कण निघाले. शिशाची गोळी आत फुटते, आणि तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. केंद्रांना ते मांस टाकून द्यायला सांगितलं गेलं. तेव्हा शेजाऱ्याला संकोच न करता विचारा: गोळी शिशाची होती की तांब्याची? लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर नक्कीच विचारा. दुसरी चौकशी हरणांच्या क्षयकारी रोगाची. तो 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण त्याचा कारक शिजवून मरत नाही, म्हणून रोगग्रस्त भागातलं हरीण तपासणीचा निकाल आल्याशिवाय खाऊ नये.

इथे महाराष्ट्रात बसलेल्यांनी मात्र चितळ-सांबराकडे बघूही नये. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि मला तो मान्य आहे. तुम्ही त्या इंग्रज गृहिणींची वाट धरा. बोकडाच्या मांडीचा खिमा, चरबी वेगळी काढून, मोजून परत घातलेली. बाकी कृती तीच.

आता प्रश्न घेऊ या.